टेबलाच्या उशाशी

सर्जनचं नाव पेशंटला पाठ असतं. त्याची डिग्री, त्याचं इन्स्टाग्राम, कुठल्या नटीचं नाक त्याने केलंय ही ऐकीव बातमी, सगळं. भूल कोण देणार हे मात्र बहुतेकांनी विचारलेलंच नसतं. ऑपरेशनच्या सकाळी कॉटपाशी जाऊन मी ओळख करून दिली की ठरलेला प्रश्न येतो, "मॅडम, पूर्ण झोपवणार ना? मला काही कळता कामा नये." जाग कधी येईल हे नातेवाईक विचारतात. मधल्या वेळात काय काय होऊ शकतं, हे विचारणारा क्वचित भेटतो.

मी पुण्यातली फ्रीलान्स भूलतज्ज्ञ. आमच्यातल्या पुष्कळांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. सकाळी कोथरूडला हर्निया, दुपारी हडपसरला सिझेरियन, संध्याकाळी औंधला लायपोसक्शन, असा दिवस जातो. गाडीच्या डिकीत दोन बॅगा कायम भरलेल्या. या फिरस्तीचा फायदा असा की एकच ऑपरेशन किती निरनिराळ्या जागी होतं ते बघायला मिळतं. एका ठिकाणी मागच्या दाराला लागून आयसीयू असतो, डिफिब्रिलेटर रोज तपासलेला असतो, रक्तपेढीशी बोलणं झालेलं असतं. दुसऱ्या ठिकाणी स्वागतकक्षात मऊ सोफे आणि सुगंधी मेणबत्त्या, भिंतीवर हसऱ्या बायकांची मोठमोठी पोस्टरं, आणि इमारतीच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. नव्या जागी गेले की मी आधी लिफ्ट बघते. सोफे नंतर.

सौंदर्यासाठी केलेल्या ऑपरेशनचं गणित बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे, आणि ते टेबलाच्या उशाशी बसलं की फार स्वच्छ दिसतं. फुटायला आलेल्या अपेंडिक्सला भूल देतानाही धोका असतो, पण ऑपरेशन न करण्याचा धोका त्याहून मोठा असतो. तिथे जे काही वाईट होऊ शकतं त्याची जबाबदारी आजाराकडेही थोडी जाते. पोटावरची चरबी काढायला आलेली बाई स्वतः गाडी चालवत आलेली असते. ऑपरेशन केलं नाही तर तिला काहीही होणार नाही. तिचा बीपी, तिची साखर, तिचा ईसीजी, सगळं नॉर्मल असतं. त्यामुळे त्या टेबलावर जे काही बिघडेल ते सगळंच्या सगळं आमच्या हातून आलेलं असेल.

प्लास्टिक सर्जरीबद्दल माझ्या मनात अढी आहे असं कोणी समजू नये. माझं शिक्षण ससूनमध्ये झालं. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायका तिथे महिन्यांनी परत येत. हनुवटी छातीला चिकटलेली, तोंड दोन बोटं उघडेना, मान वळेना. अशा पेशंटच्या घशात नळी घालणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. पेशंट जागा ठेवून, नाकातून दुर्बीण घालून, श्वास सांभाळत ते करावं लागतं. धोका प्रचंड. तरी एकदाही असं वाटलं नाही की हे कशाला करतोय. त्या बाईला घास गिळायचा असे.

शिवाय हे शास्त्र आपल्या दाराशी वाढलेलं आहे. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजांच्या फौजेबरोबर होता. टिपूच्या सैनिकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. पुढे पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळावरची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही हकीकत चित्रासह लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'मध्ये ऑक्टोबर १७९४ला छापून आली आणि युरोपातले सर्जन त्यावरून नाक करायला शिकले. ईथरची भूल जगासमोर आली ती १८४६ साली. म्हणजे कावसजीने ते सगळं भुलीशिवाय सोसलं. नाक कापलेला माणूस तेवढं सोसायला तयार होतो, हे मला समजतं. फोटोत नाक जरा रुंद येतं म्हणून आलेली एकवीस वर्षांची मुलगीही मला समजते, तिचं दुःख खोटं नसतं. फक्त तिने काय पणाला लावलंय ते तिला कोणीतरी नीट सांगितलेलं असावं, एवढंच.

सांगण्याची ती जागा म्हणजे ऑपरेशनआधीची तपासणी. आम्ही त्याला फिटनेस म्हणतो. चांगल्या ठिकाणी ती काही दिवस आधी होते. पॅकेजवाल्या ठिकाणी ऑपरेशनच्या सकाळी, पेशंट गाऊन घालून बसलेला असताना. त्या वेळी कोणी खरं बोलत नाही, कारण ऑपरेशन रद्द होईल ही भीती असते.

एक बाई आठवतात. पन्नाशीच्या आतबाहेर, दोन सिझेरियन झालेल्या, पोटाची कातडी लोंबत होती. टमी टक ठरलं होतं. लेक बरोबर होती. मी नेहमीचे प्रश्न विचारत गेले.

"तंबाखू?"

"छे हो मॅडम. आमच्यात बायका नाही ओढत."

"ओढायचं नाही विचारत, काकू. मिसरी लावता का?"

काकूंनी लेकीकडे पाहिलं. "सकाळी लावते थोडी. ती काय तंबाखू नाही, दातांना बरी असते."

"मम्मी, खरं सांग ना," लेक म्हणाली. "दिवसातनं चार वेळा बसते हो मॅडम, डबी घेऊन."

फॉर्मवर 'धूम्रपान: नाही' असं लिहिलेलंच होतं, आणि ते खोटं नव्हतं. कोणी मिसरीचं विचारलंच नव्हतं. ग्रामीण महाराष्ट्रात किती बायकांच्या उशाशी ती डबी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपले फॉर्म सिगारेटपुढे जात नाहीत. टमी टकमध्ये पोटाची कातडी खालून पार बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात, जादा कापतात आणि उरलेली ताणून खाली शिवतात. हे करताना खालून कातडीत येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तुटतात. कातडी जगते ती कडेने येणाऱ्या रक्तावर, आणि बरोबर मध्यभागी, टाक्यांच्या रेषेपाशी, ते सगळ्यात कमी पोचतं. निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं. ते धुरातून आलं काय आणि हिरड्यांतून आलं काय, कातडीला फरक पडत नाही. मी चार आठवडे मिसरी पूर्ण बंद करायला सांगितलं. सर्जननेही मान्य केलं. काकू नाराज झाल्या. लेकीचं लग्न तोंडावर होतं, आणि सगळी आखणी त्या तारखेभोवती होती.

महिनाभराने मला दुसऱ्याच एका हॉस्पिटलमधून बोलावणं आलं, जखम साफ करायला भूल हवी म्हणून. टेबलावर त्याच काकू. मधे त्यांनी तिसरीकडे कुठेतरी लगेचची तारीख मिळवून ऑपरेशन उरकून घेतलं होतं. बेंबीखाली तळहाताएवढा पट्टा काळा आणि कडक झाला होता. कडेने पिवळट पू. ड्रेसिंग सोडल्यावर खोलीत जो वास पसरला तो एअर कंडिशनरने जाईना. सर्जन ती मेलेली कातडी कापत गेला, रक्त येईल तिथपर्यंत. सगळं कापून झाल्यावर खड्डा उरला, तो काही शिवता येण्यासारखा नव्हता. व्हॅकचं मशीन लावलं, म्हणजे जखमेवर स्पंज ठेवून सतत हवा खेचणारी पेटी. काकू लेकीच्या लग्नात ती पेटी पिशवीत घालून, खांद्याला अडकवून, शालूच्या पदराखाली दडवून बसल्या. पुढे कातडी लावावी लागली. ज्या पोटासाठी हे सगळं केलं ते पोट आता त्या कोणाला दाखवत नाहीत.

यात कोणी खलनायक शोधू नये. घाई होती, आणि घाईला तारीख देणारा कोणी ना कोणी सापडतोच.

"साध्या लोकलवर करतो, भुलीची गरजच नाही" हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. लोकांना वाटतं लोकल म्हणजे बिनधोक. लिग्नोकेन हे उत्तम औषध आहे, पण त्याला वजनाचा हिशेब असतो. ॲड्रेनलिन मिसळून दिलं तरी नेहमीच्या वापरात किलोमागे सात मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नाही. साठ किलोच्या माणसाला दोन टक्क्यांचं औषध एकवीस मिली झालं की हद्द आली. लायपोसाठी चरबीत खूप पातळ केलेलं मिश्रण भरतात, तेव्हा ही मर्यादा पस्तीसच्या आसपास धरतात, कारण चरबीतून औषध सावकाश रक्तात उतरतं. पण सावकाश उतरतं म्हणजे नंतर उतरतं. त्याची रक्तातली पातळी सगळ्यात वर जाते ती साधारण बारा तासांनी. सकाळी दहाला लायपो करून संध्याकाळी घरी पाठवलेल्या पेशंटचा खरा अवघड काळ रात्री दहाला, घरच्या पलंगावर येतो. ओठांभोवती मुंग्या, कानात शिट्टी, तोंडात धातूची चव, बोलणं दारू प्यायल्यासारखं. घरचे म्हणतात, थकलीय, झोपू द्या. त्यानंतरची पायरी झटक्यांची, आणि त्यानंतरची हृदयाची.

माझ्या बॅगेत वीस टक्के लिपिड इमल्शनची बाटली असते, दुधासारखी पांढरी. या विषबाधेवर तोच उतारा. एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या नर्सिंग होममध्ये मी काम संपवत होते आणि खालच्या केस लावायच्या सेंटरमधून मुलगा धावत आला. तिशीतला माणूस खुर्चीत झटके देत होता. टाळूत इंजेक्शनं टोचणारा टेक्निशियन होता, डॉक्टर दुसऱ्या शाखेत. किती मिली गेलं विचारलं तर ट्रेमधल्या रिकाम्या व्हायल्या दाखवल्या. ऑक्सिजनचं सिलिंडर होतं, त्याची चावी सापडत नव्हती. माणूस वाचला, आयसीयूत दोन रात्री काढून घरी गेला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली केशरोपणाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. हे काम प्लास्टिक सर्जरी किंवा त्वचारोग यांत रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरचं आहे, कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून ते येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. अशी गोष्ट सरकारी कागदावर लिहायची वेळ यावी यातच काय ते आलं.

गुठळ्यांचं भय वेगळं. तासन्‌तास टेबलावर निपचित पडलेले पाय, नंतर दुखतं म्हणून न हललेले पाय, वर घट्ट पट्टे. पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होते आणि ती सुटून फुफ्फुसात जाते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर शक्यता वाढते, आणि लग्न न झालेल्या मुली त्या गोळ्यांबद्दल आईसमोर कधीच बोलत नाहीत. म्हणून मी आईला औषधं आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवते. डिसेंबरात न्यू जर्सी, दुबई, लंडनहून आपली माणसं येतात, तीन आठवड्यांच्या सुट्टीत लग्न, मुंज, दातांचं काम आणि हेही. न्यू जर्सीवाल्यांचं तर पंधरा-सोळा तासांचं विमान दहाव्या दिवशी असतं. त्यांच्याशी माझा वाद ठरलेला. "तिकीट नॉन-रिफंडेबल आहे, डॉक्टर." असेल. फुफ्फुसात गेलेली गुठळीही परत घेता येत नाही.

रात्रीच्या पहाऱ्याबद्दल सांगायचं तर एका पोराची गोष्ट सांगावी लागेल. बावीसेक वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा, मुलगे चिडवतात म्हणून वाढलेली छाती कमी करून घ्यायला आलेला. मुलग्यांत हे ऑपरेशन आता फार होतं, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. शर्ट काढायची लाज वर्षानुवर्षं वागवणं सोपं नसतं. ऑपरेशन दुपारी सुरळीत झालं. पॅकेजप्रमाणे संध्याकाळी सहाला त्याला घरी सोडायचं होतं. बिल भरायला वेळ लागला आणि त्यांची गावची शेवटची एसटी चुकली. म्हणून, निव्वळ म्हणून, तो रात्री राहिला.

साडेदहाला सिस्टरचा फोन आला. "मॅडम, डावी बाजू फुगलीय. पट्टी करकचून बसलीय, पल्स एकशेतीसवर आहे. आरएमओ सर म्हणतायत गोळी देऊन बघू, पण मला नाही बरं वाटत." त्या सिस्टरचा पगार किती असेल याचा अंदाज मला आहे. त्या रात्री त्या हॉस्पिटलातली सगळ्यात मोलाची व्यक्ती तीच होती. सर्जन परगावी गेलेला, त्याचा सहकारी अर्ध्या तासात पोचला. माझी अडचण वेगळी: आईने नऊ वाजता डब्यातला पुलाव पोटभर भरवला होता. भरल्या पोटी भूल म्हणजे अन्न वर येऊन फुफ्फुसात जायची भीती. गळ्यावर दाब देऊन, झटपट नळी टाकून ते निभावलं. जखम उघडली तर आत रक्ताचा गोळा, आणि एक बारीक धमनी पिचकारी मारत होती. दोन मिनिटांत ती बंद केली. हा सगळा प्रकार एसटीच्या मागच्या सीटवर, अंधारात, सासवडच्या घाटात घडला असता. ऑपरेशननंतरचा रक्तस्राव ही काही दुर्मिळ गोष्ट नाही; पाठ्यपुस्तकात पहिल्या ओळीत असते. पण पॅकेजच्या कागदावर ती ओळ नसते.

आणि खर्च. सौंदर्यासाठी केलेलं ऑपरेशन मेडिक्लेममध्ये बसत नाही. अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना सोडली तर विम्याच्या अटींत ते सरळ वगळलेलं असतं. ते बिघडून आयसीयूत जावं लागलं तरी कंपनी हात वर करण्याची शक्यताच जास्त. हप्त्याने ऑपरेशन करून घेणारे खूप असतात. हप्त्याने आयसीयू मिळत नाही.

जिवावर न बेतणारे तोटे मला टेबलावर दिसत नाहीत, ते पुन्हा ऑपरेशनला येणाऱ्यांकडून कळतात. लायपोनंतर खड्डे-उंचवटे राहिलेली मांडी. महिनोन्‌महिने बधिर राहिलेलं पोट. आपल्याकडच्या कातडीला केलॉइडची खोड, विशेषतः छातीवर आणि खांद्यावर, त्यामुळे बारीक रेषेच्या जागी जाड, खाजरा व्रण. नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्ष लागतं, आणि तिसऱ्या महिन्यात आरशासमोर रडून पुन्हा करा म्हणणारे येतात. स्तनातली इम्प्लांट जन्मभराची नसतात हे विकताना कोणी ठळक सांगत नाही. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक सिलिकॉन भरलेली इम्प्लांट जगभर विकल्याचं २०१०मध्ये उघड झालं. २०१९मध्ये ॲलर्गन कंपनीला खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट परत बोलवावी लागली, कारण त्यांच्याभोवती एका दुर्मिळ प्रकारचा लिम्फोमा होत असल्याचं दिसलं होतं. वीस वर्षांनी काय होईल हे आज कापणारा सर्जनही सांगू शकत नाही.

ज्या सर्जनबरोबर मला काम करायला आवडतं तो पेशंटना परत पाठवतो. "तुमच्या नाकाला काही झालेलं नाही" असं तोंडावर सांगतो. चौथं ऑपरेशन मागायला आलेल्याला मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी देतो आणि शिव्या खातो. त्याचे रिव्ह्यू त्यामुळे तीन ताऱ्यांवर अडकलेत. माझ्या घरच्या कोणाचं काही करायचं झालं तर मी त्याच्याकडेच जाईन.

मे २०२२मध्ये बेंगळुरूत चेतना राज ही एकवीस वर्षांची कन्नड मालिकांतली अभिनेत्री चरबी काढण्याच्या ऑपरेशननंतर गेली. आईवडिलांना तिने सांगितलेलं नव्हतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. त्यानंतर काही दिवस आमच्याकडच्या तारखा रद्द झाल्या, मग लगीनसराईत पुन्हा भरल्या. आजही फॉर्मवर तातडीच्या संपर्कात मैत्रिणीचा नंबर असतो आणि ती मैत्रीण ऑफिसला गेलेली असते. घरी "ट्रेकला चाललोय" असं सांगितलेलं असतं.

तेव्हा ऑपरेशन करून घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, भूल मी देईन. फक्त आदल्या आठवड्यात भूल देणाऱ्याला भेटायचंय असा हट्ट धरा, त्याला मिसरीपासून गोळ्यांपर्यंत सगळं खरं सांगा, रात्री तिथे कोण डॉक्टर राहणार ते नावानिशी विचारा. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून या. रात्री दोन वाजता आम्हाला कोणाला तरी फोन करावा लागतो.